करंगळीशेजारचं बोट

१२ जानेवारी, सोमवार

बोहनी ९.४० ला. ठीक.

पेपर स्वीकारला गेला. मेल तीनदा वाचला, मग लॅबमधल्या टिकेशला वाचायला लावला. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता. त्याचाही नव्हता. त्यानं आमच्या गाईड सरांना फोन केला.

सरांनी आलू गुंडे, म्हणजे इकडचे बटाटेवडे, मागवले. विभागाच्या भिंतीवर मेलची प्रत लागली, फोटो काढला. मी मध्ये, दुपट्टा वाकडा. "सिकलसेल आहे की नाही, सुई न टोचता, बोटाच्या फोटोवरून." एवढ्या एका वाक्यासाठी तीन वर्षं गेली. सर म्हणाले, "प्रज्ञा, समझो थीसिस हो गई." सर कुणाला सहसा एवढंही म्हणत नाहीत.

घरी आईला सांगितलं. तिनं पहिलं हेच विचारलं, "मंग आपल्या शीतलले आता सुया टोचाचं बंद होईन काय?" तिला कसं सांगू, की शीतलला, माझ्या धाकट्या बहिणीला, हा आजार आहे हे कळायला मशीन लागत नाही, एकोणीस वर्षं आपण ते पाहतोच आहोत. म्हटलं, हळूहळू होईल सगळं.

१३ जाने.

बोहनी ठीक. उगाच आज दोनदा घेतली.

बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हा टिकेशचा शब्द. त्याच्या बाबांचं रायपूरच्या गोल बाजारात भांड्यांचं दुकान आहे. लॅबमध्ये सकाळी मशीन सुरू केलं की पहिला फोटो माझा, डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचा. तेलाचा थेंब टाकायचा, बोट भिंगाखाली ठेवायचं. नखाच्या मुळाशी कातडीतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या दिसतात. त्या कालच्यासारख्या दिसल्या तर मशीन शुद्धीवर आहे, रुग्ण घ्या. वेगळ्या दिसल्या तर पहिले मशीन पाहा. दोन वर्षं एकच बोट. त्या बोटाला कापू देत नाही, भाजू देत नाही, नेलपॉलिश नाही. आई म्हणते, एवढं जपून ठेवलं असतं तर तुझं नाकही आतापर्यंत टोचून झालं असतं. यात काय संबंध ते तिलाच माहीत.

१८ जाने., रवि.

भिलाईला आत्याच्या मुलीचा साखरपुडा. सगळ्यांच्या हाताला मेंदी. मी नको म्हटलं. आत्या मेंदीचा कोन हातात धरून उभी, "काहून वं, मशीनसंगं लगन लावलं काय तुनं?" सगळे हसले. मीही हसले, बोट काही दिलं नाही.

शीतलच्या उजव्याच हाताला लावली. डाव्या हाताची शीर मागच्या महिन्यातल्या सलाईननं अजून दुखते. पोरगी खूश होती. चार तास बसली, तरी थकली नाही. असे दिवस मी वहीत लिहून ठेवते, कारण त्यांची मोजदाद कुणीच करत नाही.

२० जाने., मंगळ.

कसं लिहू.

शीतल कॉलेजमधून लॅबला आली. म्हणाली, तुझा पेपर झाला, आता माझं बोट पुन्हा एकदा घे, मला निकाल पाहायचाय. आधी तिचे तीनदा फोटो झालेत, तिन्ही वेळा "आजारी". उजवा हात ठेवला. मशीन म्हणालं, निरोगी.

पुन्हा घेतला. निरोगी. दुसरं बोट. निरोगी.

शीतल म्हणाली, "दीदी, मैं ठीक हो गई क्या?" हसत म्हणाली, पण पूर्ण हसत नव्हती. आणि मी, जिला सगळं माहीत आहे, जी या विषयावर भाषणं देते, त्या मलाही एक क्षणभर वाटलं की हो. मला त्या क्षणाची लाज वाटते.

मग डावा हात घेतला. आजारी. एकच मुलगी, एकच रक्त, दहा मिनिटांचा फरक. टेबलावर दोन्ही हात शेजारी पडलेले. उजवा लाल, डावा कोरा.

तिला रिक्षात बसवलं आणि येऊन बसले. टिकेशनं मशीन बंद केलं. त्यालाही दिसलं होतं.

२१ जाने.

बोहनी घेतली नाही. पहिल्यांदाच चुकली.

मशीनला शिकवायला लागणारे निरोगी मुलींचे फोटो मीच घेतले होते. मुलींच्या होस्टेलमध्ये, टेबल मांडून, चार दिवसांत. रजिस्टर काढलं. तारखा तीजाच्या, म्हणजे इकडच्या हरतालिकेच्या, लगेच नंतरच्या. सगळ्या पोरी गावाहून तीजा करून परतल्या होत्या, सगळ्यांचे हात मेंदीनं भरलेले. आमच्या घरी तीजा नाही, मला त्या तारखांचं काहीच वाटलं नाही. मला आठवतंय, एकीला मी विचारलंही होतं, कुणी काढली गं, छान आहे. विचारलं, आणि तिचं बोट भिंगाखाली ठेवलं.

हॉस्पिटलातल्या आजारी पोरींना कोण मेंदी लावणार.

तेव्हा मशीन जे शिकलं ते एवढंच, की मेंदी म्हणजे निरोगी आणि कोरा हात म्हणजे आजारी. रक्तवाहिन्यांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. भिंगातून एवढीशी कातडी दिसते, थोडी तांबूस, थोडी गडद. माणसाच्या डोळ्याला तो कातडीचाच रंग वाटतो. आम्ही तिघांनी हजारदा पाहिलं, एकालाही हात आठवला नाही.

२२ जाने.

आज आणखी एक सापडलं, आणि हे जास्त लागलं.

मुलांच्या होस्टेलमधून काही मुलगेही घेतले होते. ते सगळे निरोगी, आणि मशीननं बहुतेकांना आजारी ठरवलं होतं. तेव्हा आम्ही काय केलं? पुरुषांची कातडी जाड, नमुना लहान, असं लिहून त्यांना बाजूला काढलं. वाक्य माझं आहे. चांगलं जमलंय, म्हणून सरांनी तेव्हा शाबासकी दिली होती. नाचता येईना अंगण वाकडं. ते पोरगे बिचारे खरं सांगत होते आणि आम्ही त्यांची कातडी जाड ठरवली.

टिकेश म्हणाला, सरांना कधी सांगायचं? मी म्हटलं, उद्या. तो म्हणाला, "हव." मग थोड्या वेळानं, "मैं भी चलूंगा." मी नको म्हटलं. फोटो मी घेतले होते.

२३ जाने., शुक्र.

सांगितलं.

सरांनी दोन्ही हातांचे निकाल पाहिले. मग रजिस्टर. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किसी और को बताया?" टिकेशला माहीत आहे म्हटलं. चष्मा पुन्हा लावला. मग, मर्यादा म्हणून शेवटच्या परिच्छेदात एक ओळ टाकू, पुढच्या पेपरमध्ये सुधारू, असं काहीतरी. मी म्हटलं, सर, एक ओळ नाही, सगळंच मेंदी आहे.

माझा आवाज चढला. चढायला नको होता. ते म्हणाले, घर जाओ, सोमवार तक सोचो. मी म्हटलं, विचार झालाय. तरी गेले.

घरी कुणाला सांगितलं नाही. बाबा उरल्याच्या लोखंडाच्या मिलमधून आले, दोघं मिळून जेवलो. त्यांना वाटलं दमलेय. "जास्त काम करून राहिली तू," म्हणाले आणि स्वतःच्या ताटातली भाजी माझ्या ताटात वाढली.

२७ जाने., मंगळ.

सरांनीच बोलावलं. त्यांनी सुट्टीत बसून त्या मुलग्यांचे सगळे फोटो एकेक करून पाहिले म्हणे. डोळे सुजलेले. "वापस लेते हैं. मेल मेरे नाम से जाएगी, तुम्हारे नाम से नहीं." आणि मग, तोंड दुसरीकडे करून, "शुक्रवार को मैंने जो कहा था, वो मत याद रखना."

लक्षात तर राहीलच. पण रागानं नाही.

भिंतीवरचा कागद मीच काढला. टाचणी इतकी घट्ट होती की नख मोडलं. त्याच बोटाचं. बरं झालं.

२ फेब्रु.

आता नव्यानं. पहिल्या पानावर, पहिला प्रश्न: गेल्या दोन महिन्यांत मेंदी, आलता, नेलपॉलिश, हळद? आधी पूर्ण हाताचा फोटो, मग बोटाचा. कोणता सण, कुणाचं लग्न, सगळं लिहायचं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं, तसं आमचं झालंय.

पण कोऱ्या हाताच्या निरोगी पोरी आणायच्या कुठून? रायपुरात लग्नाचे दिवस. शंकर नगरच्या एका कॉलेजात आज दिवसभर बसलो. वीस मुली आल्या, तीन हात कोरे. त्यातली एक म्हणाली, परसों भैया की शादी है, आज लगवाऊंगी.

९ फेब्रु.

सर म्हणतात विषय बदल. दुसऱ्या गटाकडे छातीचे एक्स-रे तयार आहेत, सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कामगारांचे, नीट लावलेले. मुदतीत होईल. "तुम्हारी मेहनत बेकार नहीं जाएगी." फॉर्म टेबलावर ठेवलाय. महिनाअखेरपर्यंत द्यायचाय. थीसिसची मुदत जुलैपर्यंत आहे, त्यानंतर मुदतवाढीचं कुणी नाव घेत नाही.

विषय वाईट नाही. बाबांच्याच छातीचा विषय म्हणायचा. फॉर्म पिशवीत ठेवला. पेन काढलं नाही.

१५ फेब्रु., रवि.

शीतलला सगळं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, तिला त्या दिवशीचं काय झालं होतं हे कळायला हवं असं वाटलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग रागावली. माझ्यावर नाही, मशीनवर.

"मुझे होस्टेल की लड़कियों से मिलाके क्यों देखती हो? मैं कल भी बीमार थी, आज भी बीमार हूं, ये तो मेरे को पता है. पूछना है तो ये पूछो कि दर्द कब आएगा."

हा प्रश्न मी तीन वर्षांत एकदाही विचारला नव्हता. आईनं आतून विचारलं, काय झालं, काहून गप बसल्या? काही नाही म्हटलं.

दर्द. पोटात, पाठीत, हाडांत उठतो, आणि उठला की चार-पाच दिवस हॉस्पिटल. कधी येईल ते आधी कळत नाही, म्हणून तिनं दोन परीक्षा सोडल्या, एक सहल सोडली, आणि आता कुणी बोलावलं तर "बघते" म्हणते.

१६ फेब्रु.

सकाळीच लॅब उघडली. बोहनीचा फोल्डर काढला. दोन वर्षं माझं एक बोट, रोज. त्यात दिवसागणिक फार काही हलत नाही. म्हणजे मशीन स्थिर आहे. म्हणजे दर्द येण्याआधी एखाद्याच्या बोटात काही हललं तर ते दिसायला हवं. माणूस तोच, हात तोच, मेंदी असली तरी कालही होती आणि आजही आहे. कुणाशी कुणाची तुलना नकोच.

नकोच होती. आम्ही दोन वर्षं रोज सकाळी योग्य काम करत होतो, मशीन तपासायचं म्हणून, आणि मग दिवसभर चुकीचं.

सरांना सांगितलं. त्यांनी खूप प्रश्न विचारले, सगळे टोचणारे. शेवटी फॉर्म परत मागितला नाही. आमच्यात हाच होकार.

१२ मार्च

हॉस्पिटलच्या एथिक्स समितीची परवानगी आली. आठ रुग्ण, सगळे रायपुरातले, रोज एक फोटो. जुलैपर्यंत जेवढे दिवस मिळतील तेवढे.

हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडमनी एक अट घातली. शीतल आठांत असेल तर मी तिचेच काय, कुणाचेच फोटो पाहायचे नाहीत. फोटो टिकेश घेईल, नावाऐवजी नंबर टाकून बंद करेल, आणि सगळं संपल्यावर कोण केव्हा आजारी पडलं ते ठाऊक नसलेला तिसरा माणूस वाचेल. "तू बहीण आहेस. तुला जे दिसावंसं वाटतं तेच दिसेल." मॅडम पुण्याच्या, फटकळ. बोलल्या ते खरंच होतं. मेंदीच्या वेळी तर मी बहीणही नव्हते, तरी तेच झालं.

सही केली. शीतलनंही केली. सही करताना तिनं विचारलं, दीदी, बीच में दिख गया तो? मॅडम म्हणाल्या, मध्ये कुणीच पाहणार नाही. खरं दिसतं का, हेच अजून माहीत नाही.

३० मार्च

चालू आहे. आठांपैकी सात रोज येतात. एक काकू येतच नाहीत, टिकेश स्कूटीवर मशीन घेऊन त्यांच्या पाऱ्यात जातो. पारा म्हणजे अख्खी वस्ती, ती सगळी जमते म्हणे, आमचंही बोट घ्या. तो सगळ्यांची घेतो. म्हणतो, नाही म्हटलं तर उद्या काकू देणार नाहीत.

शीतल पाच वाजता येते. ती आली की मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहते. सुरुवातीला ती चिडवायची, "देख लो ना, थोडा सा." आता नाही चिडवत.

१५ एप्रिल

काल जयंती. शीतल दिवसभर मिरवणुकीत. आई मागं पाण्याची बाटली घेऊन. ऊन फार. मी म्हटलं थोडं बस, ती म्हणाली सालभर बैठी ही तो रहती हूं.

आज फोटोला आली तेव्हा ओठ कोरडे वाटले. मी विचारलं पाणी प्यालीस का. हो म्हणाली. बाहेर गेले.

१८ एप्रिल, शनि.

आज बाहेर उभी असताना आतून टिकेश बराच वेळ काही बोलला नाही. एरवी तो बडबड करत फोटो घेतो. बाहेर आला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं नजर काढून घेतली.

नियम आहे की विचारायचं नाही. विचारलं नाही. शीतलला मात्र घरी नेऊन जबरदस्तीनं दोन बाटल्या पाणी पाजलं. त्याला कुठला नियम आडवा येत नाही.

२१ एप्रिल, मंगळ.

सकाळी सहाला शीतलचा दर्द उठला. पाठीत आणि दोन्ही मांड्यांत. या वेळी फार. बाबांनी तिला उचलून ऑटोत ठेवलं, ती ओरडत नाही, दात खाते, तेच बघवत नाही. आता वॉर्डात आहे, ड्रिप चालू, मॅडम येऊन गेल्या. झोपलीय.

आईनं विचारलं. मला माहीत होतं विचारणार. "तुह्या मशीनले दिसलं नाई काय?"

मी म्हटलं, पाहिलं नाही आई.

"पाहिलं नाई म्हंजे? रोज त जाय ती."

तिला समजावलं. कशासाठी नाही पाहायचं, नंबर, तिसरा माणूस, सगळं. ती ऐकत होती की नाही माहीत नाही, शीतलचा पाय चेपत होती. समजावताना माझं मलाच वाटत होतं की मी अशा वेळी काय बोलतेय. शनिवारचा फोटो बंद डब्यात आहे. त्यात काही असेल, तर तीन दिवस आधी असेल. तीन दिवस आधी हॉस्पिटलला आलो असतो तर कदाचित एवढं झालं नसतं. त्यात काही नसेल, तर माझा सगळा विषयच संपला. दोन्हीपैकी काय असावं असं मला वाटतं? खरं सांगायचं तर आज सकाळी मला ते नसावंसंच वाटलं. हे लिहून ठेवते. नंतर मी हे नाकबूल करायची नाही.

२२ एप्रिल

टिकेश आला. सफरचंद, आणि त्याच्या आईनं दिलेलं पेज. थोडा वेळ बसला. बाहेर पॅसेजमध्ये म्हणाला, "दीदी, तैं कहिबे त खोल दुहूं." तू म्हणालीस तर उघडतो. तो हे मनापासून म्हणत होता आणि मी हो म्हटलं असतं तर त्यानं कुणाला कधीच सांगितलं नसतं.

मी म्हटलं, शनिवारी तू गप्प का होतास?

तो म्हणाला, त्या दिवशी भिंगावर तेल जास्त झालं होतं, तीनदा पुसलं.

खरं असेल. मी त्याला उघडू नको म्हटलं. बाकी सात जण अजून रोज बोट देतायत, या उन्हात, त्यांची सही माझ्याकडे आहे. एक उघडला की सगळे उघडले. मग पुन्हा मेंदीच. तो "हव" म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. मग मी जिन्यात बसून रडले. बऱ्याच दिवसांनी, नीट.

२३ एप्रिल, गुरु.

शीतलचं दुखणं थोडं कमी. आवाज बसलाय.

दुपारी म्हणाली, "दो दिन का फोटो छूट गया." मी म्हटलं राहू दे, आधी बरी हो. तिनं मान हलवली. म्हणाली, जेव्हा दुखतंय तेव्हाचाच तर पाहिजे ना, नाहीतर आधीचे कशाशी मिळवणार? मॅडमना विचारलं. त्या तिच्याकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, तिची इच्छा असेल तर घ्या.

टिकेश मशीन घेऊन आला. पलंगाच्या कडेला ठेवायला जागा नव्हती, आईनं स्टूल रिकामं करून दिलं. शीतलनं स्वतःच डावा हात पुढं केला. त्याच्यावर काहीच नव्हतं, फक्त पट्टीचा डिंक. टिकेशनं तेलाचा थेंब टाकला.

बाहेर जायला हवं होतं. पण तिनं दुसऱ्या हातानं माझा हात धरला होता, घट्ट, आणि कळ यायची तशी आणखी घट्ट. सोडवता आला नाही. म्हणून मी उभ्या उभ्याच खिडकीकडे तोंड केलं. बाहेर ऊन, खाली ऑटोवाले, एक बाई बाळाला घेऊन सावली शोधत होती.

पाठीमागे आई स्क्रीनजवळ सरकल्याचं कळलं. तिला त्यातलं काही वाचता येत नाही. तरी ती बराच वेळ पाहत होती.

"तू नको पाहू," म्हणाली. "मी पाहून राहिली."